खोलीबदल

"भाडं म्हणजे झोपेत येणारा पैसा, आई," असं माझा मुलगा हितेश मला सांगायचा. मोबाइलवर तो एका टायवाल्या माणसाचे व्हिडिओ बघतो. खोल्या बांधा, भाड्याने द्या आणि वीस वर्षांनी पाय लांब करून बसा, असं तो माणूस शिकवतो. मी आटगावात चार खोल्या बांधल्या त्याला सहा वर्षं झाली. पैसा येतो, नाही कशाला म्हणू? पण झोप गेली. त्या टायवाल्याने कधी एक तरी भाडेकरू ठेवला असेल का, याची मला शंका आहे.

हे गेले आणि दुसऱ्याच वर्षी आमचं वरचं शेत महामार्गात गेलं. मोबदला आला तेव्हा गावातल्या पोरांनी गाड्या घेतल्या, कुणी लग्नं उडवली. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई, मला गाडीचं काय कौतुक? राहत्या घराला लागून जागा होती, तिथे चार खोल्यांची चाळ घातली. गोदामांत कामाला येणारी माणसं स्टेशनच्या आसपास खोली शोधत असतात. म्हटलं, मरेपर्यंत कुणापुढे हात पसरायला नको. पोटच्या पोरापुढेसुद्धा.

आता माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात. माझी जाऊ सरस्वती तर म्हणते, "ताराबाय देवळात गेली तरी देवाला आदी खालपासून वर बघून घेते." म्हणू दे. पण भाडेकरूचा संशय मी उगाच घेत नाही. ही जमीन आमच्याकडे कशी आली ते मला ठाऊक आहे. माझे आजेसासरे इथे कूळ होते. जमीन कल्याणच्या एका सावकाराची, कसायचे आमचे लोक, आणि दर साली भाताचा खंड द्यायचे. सासूबाई, धोंडाबाई, ती गोष्ट फार रंगवून सांगायच्या. सावकाराचा माणूस खंडाला आला की त्याला कोंबडी कापून घालायची, "ही तुमचीच जमीन शेट" म्हणायचं, आणि पाठ वळली की बांधावर एक झाड लावायचं. असं करत करत कायदा आला आणि जमीन आमची झाली. सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. मीही हसायचे. खोल्या बांधल्यावर मात्र मला त्या गोष्टीचं हसू येईना.

कारण आता सावकार मी होते. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण आमच्या घराण्याने खरी करून दाखवलेली. मग माझा भाडेकरू ती का खरी करणार नाही?

म्हणून मी दोन नियम केले. पहिला नियम, जमिनीत काहीही लावायचं नाही, तुळससुद्धा नाही. दुसरा नियम खोलीबदलाचा. अकरा महिने झाले की प्रत्येकाने पुढच्या खोलीत जायचं. एकमधल्याने दोनमध्ये, दोनमधल्याने तीनमध्ये, आणि चारमधल्याने फिरून एकमध्ये. एका खोलीत माणूस रुजलाच नाही, तर हक्क कुठून सांगेल? त्या दिवशी चाळीत नुसता गोंधळ असायचा. गॅसच्या टाक्या, पिंपं, देवांचे फोटो, सगळं अंगणात. मी खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी काही मागे ठेवत नाही ना ते बघायचे. शहापूरच्या एका वकिलाने मला सांगितलं होतं की बाई, खोलीच्या भाडेकरूला कुळकायदा लागत नाही, साधा करार करा आणि निवांत राहा. मी म्हटलं, सावकाराला पण त्याच्या वकिलाने हेच सांगितलं असेल. कागद तर मी कुणालाच करून दिला नाही. आपल्या सहीचा कागद दुसऱ्याच्या पेटीत कशाला?

गुढीपाडव्याला हितेश आणि सून दिशा कल्याणहून आले. जेवण झाल्यावर हितेशने विषय काढला. एका गोदामवाल्याला आमची जागा लांब मुदतीच्या भाड्याने हवी होती.

"आई, चार भाडेकरूंची कटकट कशाला? एकच भाडेकरू. पत्र्याची शेड तेच मारणार. भाडं डायरेक बँकेत."

"आनि माझं घर?"

"ते पन जाईल ना त्यात. तू आमच्याकडं ये. हितं एकटी काय करतेस?"

त्यांचा फ्लॅट मी पाहिला आहे. हॉलमधल्या सोफ्यावर माझं अंथरूण पडतं, सकाळी सगळे उठायच्या आत ते गुंडाळावं लागतं. दिशा गुणाची आहे, एक वाकडा शब्द बोलत नाही, पण तिच्या ओट्यावर चहाचं आधण ठेवतानाही मी इकडेतिकडे बघते. तिथे आठ दिवस राहायचं ठीक आहे. मरेपर्यंत? माझा जीव घाबरला.

सातबाऱ्यावर हितेशचं आणि माझं, दोघांचंही नाव. भांडायचं नव्हतं. मग सरस्वतीच्या देखत आमचं ठरलं. खोल्यांत माणसं आहेत तोवर जागेला कुणी हात लावायचा नाही. खोल्या रिकाम्या पडल्या, तर दिवाळीनंतर गोदाम, आणि मी कुरकुर न करता कल्याणला. मी हसत शब्द दिला. आटगावात खोली रिकामी पडते होय?

आषाढात पहिली खोली रिकामी झाली. तिथे हर्षित आणि त्याचा एक जोडीदार राहायचे, गोदामात माल भरायला. महिना संपायच्या आत हर्षित किल्ली घेऊन दारात उभा.

"जातो मावशी. दुसरीकडं भेटली."

"का रे? पानी नाय भेटत? लाइट नाय?"

"तसं नाय काय," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता चप्पल घालू लागला. श्रावणात तीन नंबरमधला रामू वॉचमन गेला. तोही असाच, मान खाली घालून. मग चार नंबरवाले. नवीन कुणी फिरकेना. स्टेशनजवळच्या चहावाल्याने कारण सांगितलं. म्हणे लोक मला खोलीबदलवाली म्हातारी म्हणतात, आणि सामान उचलायला कंटाळतात. पण मग सहा वर्षं कसे राहिले? आत्ताच सगळ्यांना कंटाळा आला? कुणीतरी यांना हाकलत होतं. मला वास येत होता.

राहिलं कोण? दोन नंबरमधली पिंकी आणि तिचा नवरा मुकेश. पिंकी टोकावड्याकडची, आई तिथल्या पाड्यावर राहते. मुकेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तीन वर्षं राहत होती दोघं. भाडं वेळेवर, तोंडात साखर. ज्याच्या तोंडात एवढी साखर, त्याच्याकडे मी जरा जास्तच बघते.

आणि बघितलं तर काय? हिने दारात घोसाळीची वेल लावलेली.

"पिंके, काय गो हे? सांगितलं व्हतं ना जमिनीत लावायचं नाय?"

"जमिनीत कुठं मावशी? बादलीत हाय."

रंगाची जुनी बादली होती खरी. पिंकी पाण्याला गेली तशी मी ती बादली कलती केली. हलेना. बुडाला भोक होतं आणि त्यातून मुळं खाली जमिनीत गेलेली. वर वेल तिच्या दारावरून निघून शेजारच्या रिकाम्या तीन नंबरच्या पत्र्यावर पसरलेली. मी तिथेच उभी राहिले. सासूबाईंची गोष्ट माझ्याच अंगणात चालली होती आणि या खेपेला हसणारी दुसरी होती.

त्या दिवसापासून मी पिंकीवर पाळत ठेवली. भाजी निवडायला मी ओटीवर बसायचे, ते अशा जागी की चारही दारं दिसावीत. ती रिकाम्या खोल्यांपुढचं अंगण झाडायची. सांगितलं होतं कुणी? चार नंबरच्या ओट्यावर तिने लाकडाची मोळी आणून ठेवली. विचारलं तर म्हणाली, "पावसाची भिजतात मावशी, तितं सुकी ऱ्हातात." सगळ्याला उत्तर तयार. एकदा मुकेश फाटकापाशी मोबाइलवर बोलत होता, मी जवळ गेले तसा त्याने फोन बंद केला आणि "जेवलात का?" म्हणून विचारलं. दुपारचे चार वाजले होते.

भाद्रपदातली गोष्ट. मी शहापूरला बाजाराला गेले होते. परत आले, फाटक उघडलं आणि पाय जागीच थांबले. चारही खोल्यांपुढे दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर कपडे. एकपुढे मुकेशच्या पँटी, तीनपुढे साड्या, चारपुढे गोधड्या. एक नंबरच्या दारात तर चपला काढून ठेवलेल्या. चारही खोल्यांत आपलंच राज्य असल्यासारखं तिने मांडलं होतं.

मी पिशवी खाली टाकली. "पिंके! भाईर ये!"

ती ओल्या हातांनी बाहेर आली. मला बघून चेहरा पडला तिचा. माझी खात्रीच झाली.

"कुनाला विचारून दोऱ्या बांदल्या?"

"मावशी, धुनं लय व्हतं..."

"दोन मानसांचं धुनं चार खोल्यांना पुरतंय व्हय गो? हर्षितला कुनी घालवलं? रामूला कुनी घालवलं? तूच ना? सगळी भाईर काढायची आनि आपन पसरायचं. ह्या जमिनीवर असं पसरलेलं मी ऐकलंय, मला नको शिकवू."

"नाय वो मावशी. तुमी समजता तसं नाय."

"मग कसं हाय? सांग!"

ती काहीतरी बोलणार होती. मुकेश मागे येऊन उभा राहिला, त्याने तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. खोटं बोलणाऱ्या माणसांना एकमेकांकडे बघावं लागतं, असं मला वाटलं. मी म्हटलं, पौर्णिमेच्या आत खोली खाली करा. डिपॉझिट आत्ता घेऊन जा. मी घरातून पैसे आणले आणि तिच्या ओल्या हातात ठेवले.

"मावशी," ती म्हणाली, "आमी गेलो तर तुमी एकल्या पडाल."

धमकीच वाटली मला ती. "माझी काळजी तू नको करू," मी म्हटलं. हितेशला दिलेला शब्द त्या रागात मला आठवलाही नाही.

दोन दिवसांत त्यांनी टेम्पो आणला. मी नेहमीसारखी खुर्ची टाकून बसले. पिंकीने खोली झाडली, पुसली, दाराची कडी लावली आणि किल्ली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. जाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनात म्हटलं, डाव फसला की येतंच पाणी. टेम्पो गेल्यावर मी घोसाळीची वेल मुळासकट उपटली. मला फार हलकं वाटलं. त्या रात्री मला सहा वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

पुढच्याच रविवारी हितेश आला. दिशा नव्हती, एकटाच. न कळवता. फाटकातूनच ओरडला, "गेले ना दोन नंबरवाले?"

मी पोळ्या करत होते. माझा हात थांबला. मी तर कुणालाच कळवलं नव्हतं.

"तुला कुनी सांगितलं?"

"कळलं," तो म्हणाला आणि फॅनखाली बसला. चेहरा खुललेला. "बरं झालं आई. बाकीचे कसे निमूट गेले, पन ती बाई लय चिवट. हर्षितला मी आसनगावला खोली बघून दिली, रामूला तर पयल्या महिन्याचं भाडं पन भरलं. हिला दुप्पट देतो म्हटलं तरी नाय. 'मावशीला एकटी टाकून जानार नाय' म्हनून अडून बसली. तू कसं काय काढलंस तिला?"

तवा तापत होता. पोळी करपल्याचा वास आला तरी मी उलथनं हातात घेऊन तशीच उभी.

"आनि चालू किती!" हितेश हसला. "मागं गोदामवाल्याला जागा दाखवायला आनलं, तू बाजाराला गेलेली तवा. बघतो तर सगळ्या खोल्यांपुढं कपडे वाळत. दारात चपला. पार्टी म्हनाली, हितं तर लोक राहतात, आमाला रिकामी जागा पायजे. तिनं मुद्दाम केलेलं. मुकेशला मी फोनवर दम दिला, आईला काय बोललास तर गोदामातलं काम जाईल. मॅनेजर वळखीचा हाय माझ्या, ते गेले हे पन त्यानंच कळवलं."

मी गॅस बंद केला. आपला तो बाब्या म्हणतात. सहा वर्षं मी परक्या माणसांची मुळं तपासत बसले. घरात कोण काय करतंय ते एकदाही बघितलं नाही, कारण घरच्याकडे कुणी असं बघतं का? मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला. हितेशचा आला, पण त्याहून जास्त माझाच. त्याने चार महिने खटपट करून जे जमलं नाही ते मी दोन दिवसांत करून दिलं होतं. ते पण डिपॉझिट परत देऊन.

"तुझ्याच भल्याचं हाय आई," हितेश म्हणाला. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. तो वाईट नाही. व्हिडिओतला टायवालाही वाईट नसेल. "दिवाळी झाली की सामान हलवू. दिशानं सोफ्याला नवीन कव्हर पन घातलंय."

मी त्याला जेवू घातलं. ताट जरा जोरात ठेवलं असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंकीच्या आईच्या पाड्यावर जायला निघाले. शहापूरहून किन्हवलीची गाडी, पुढे सरळगाव, तिथून माळशेजकडे जाणारी एसटी. टोकावड्याला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. ढाब्यावर विचारत विचारत पाड्यावर पोचले. भातं पिवळी पडायला लागली होती. पिंकी आईच्या पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"पानी देऊ?" एवढंच म्हणाली.

पाणी प्यायले. कसं सुरू करावं कळेना. अंगणवाडीत मी पंचवीस पोरांना एका वेळी गप्प करायचे, इथे मलाच शब्द सापडेना.

"पिंके, हितेसनं सांगितलं मला सगळं. तू मला बोलली का नाय?"

"बोलली असती तर?" ती म्हणाली. "पोटच्या पोराचं खोटं आनि भाडेकरनीचं खरं, असं तुमी मानलं असतं?"

मी नाही मानलं असतं. मी तिला उलट आणखी दोन शिव्या दिल्या असत्या.

"आनि मुकेशच्या कामाचं भ्या व्हतं," ती म्हणाली. "ते जागा बघायला येनार हे मुकेशला गोदामात कळलं, म्हनून कपडे घातले वाळत. वाटलं, तेवढ्यानं टळंल."

"चल परत," मी म्हटलं. "तुझीच खोली. हितेसला मी शब्द दिलाय, मानसं असली तर जागेला हात लावायचा नाय. दिवाळीच्या आत खोलीत कुनी पायजे. नाय तर मला जावं लागंल कल्याणला. मला नाय जायचं गो. मला माझ्या घरात मरायचंय."

हे मी सरस्वतीपुढेसुद्धा कधी बोलले नव्हते. पिंकीची आई चुलीपाशी होती, तिनेही मान वर करून बघितलं.

पिंकीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मुकेशला हितनं लांब पडतं. यायला यीन मी. पन मावशी, दर अकरा महिन्यांनी गाठोडं उचलून मी कटाळली. दोन पावलांवर जायचं आनि सगळं नव्यानं मांडायचं. मूल व्हनार हाय मला, फाल्गुनात. त्याला घेऊन मी खोल्या बदलत नाय ऱ्हानार."

"नको बदलू. कायमची ऱ्हा दोनमदी."

"असं तुमी आज बोलता."

"म्हंजे?"

"म्हंजे उद्या तुमच्या मनात काय यील ते तुमाला तरी ठाव हाय का?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "कागद करा. पाच सालांचा. शहापूरला, वकिलाकडं, सरकारी शिक्क्याचा. तुमची सही आनि तुमच्या मुलाची पन. मग सामान हलवीन. नुसत्या शब्दावर नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या जमिनीचा कागद, माझ्या सहीचा, हिच्या पेटीत! एवढ्या लांब एसटीने धक्के खात मी हिच्या दारात आले, आणि ही माझ्यावर संशय घेते? मी पिशवी उचलली. उठले. पडवीच्या पायरीपर्यंत गेले. समोर रस्त्यावरून घाटाकडे एसटी गेली.

कल्याणचा सोफा आठवला. नवीन कव्हर घातलेला.

मी मागे वळले. पिंकी माझ्याकडे खालपासून वर बघत होती. माझ्या तोंडावर खरं काय आहे ते शोधत होती. या नजरेने मी सहा वर्षं लोकांकडे बघितलं. ती अंगावर आली की कसं वाटतं, हे त्या दिवशी मला कळलं.

"हितेसची सही मी आनते," मी म्हटलं. "नाय दिली तर त्याच्या सोफ्यावर मी उपाशी बसंन, सांगते त्याला. तू शहापूरला किती वाजता येशील?"